गुठळी विरघळली, पण माणूस उठला का?

कानशिलावर थोडं जेल लावून डॉप्लरचा प्रोब योग्य कोनात टेकवला, की यंत्रातून मेंदूतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चढणारा आणि उतरणारा, वाऱ्याच्या झोतासारखा. प्रोबमधून निघणारा ध्वनी आपल्याला ऐकू येण्याच्या फार पलीकडचा, सेकंदाला वीस लाख कंपनांचा असतो. पण वाहत्या रक्तपेशींवर आदळून परत येताना त्याच्या वारंवारितेत जो फरक पडतो, तो फरक मात्र माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतो. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व आणि रुने आस्लिद यांनी १९८२ मध्ये कवटीच्या पातळ हाडातून मेंदूच्या धमनीपर्यंत पोचवून दाखवलेला ध्वनी, यांच्यामुळे हे ऐकणं शक्य झालं.

गुठळीनं मेंदूची धमनी बंद होऊन पक्षाघात झालेल्या रुग्णात त्या जागी आवाज नसतो. किंवा असलाच तर बंद दारावर कोणी बोटानं टकटक करावं तसा तुटका. मग शिरेतून गुठळी विरघळवणारं औषध सुरू होतं, आणि रक्त पुन्हा कधी वाहू लागतं हे कळावं म्हणून प्रोब तिथेच धरून ठेवला जातो. काही रुग्णांत औषध चालू असतानाच आवाज परत येतो. आधी नुसती खरखर, मग दबकी फुंकर, मग पूर्ण लय. आणि पलंगावरचा माणूस मघापासून निपचित पडलेला हात हलवतो.

गेल्या शतकाच्या अखेरीस ह्यूस्टनमध्ये आंद्रेई अलेक्झांड्रोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हे लक्षात येऊ लागलं. औषध चालू असताना ज्यांच्यावर डॉप्लर सतत रोखलेला होता, त्यांच्या रक्तवाहिन्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळा उघडत होत्या. ऐकण्यासाठी सोडलेला ध्वनीच कामाला लागला होता की काय? या शंकेतून औषधाला ध्वनीची जोड देऊन गुठळी विरघळवण्याची जी उपचारपद्धती पुढे आली, ती सोनोथ्रोम्बोलिसिस.

गेल्या पंचवीस वर्षांत या पद्धतीवर आधी अतोनात आशा ठेवली गेली आणि नंतर तितक्याच घाईनं तिला निकालात काढलं गेलं. मला दोन्ही चुकीचं वाटतं. आज कोणत्याही रुग्णालयानं संशोधनाच्या चाचणीबाहेर ही पद्धत उपचार म्हणून देऊ नये, हे माझं पहिलं म्हणणं. दुसरं असं, की ज्या रुग्णांना तिचा उपयोग होण्याची खरी शक्यता आहे, त्यांच्यावर तिची नीट परीक्षा अजून व्हायची आहे. ती सार्वजनिक पैशातून व्हावी, आणि तिचा निकाल तीन महिन्यांनी तो माणूस कसा जगतो आहे यावरून लावला जावा. धमनी उघडली की नाही, हा मधला प्रश्न आहे.

आधी ‘विरघळवणं’ या शब्दाबद्दल. ध्वनिलहरी गुठळी विरघळवतात असं सर्रास म्हटलं जातं, पण निदानासाठी वापरतात त्या ताकदीचा ध्वनी एकट्यानं फारसं काही विरघळवत नाही. गुठळी म्हणजे फायब्रिनच्या तंतूंचं जाळं, त्यात अडकलेल्या तांबड्या पेशी आणि प्लेटलेट. अल्टेप्लेज हे औषध रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं आणि ते प्लाझ्मिन हे तंतू कापतं. अडचण अशी, की नळी बंद असल्यामुळे तिथला प्रवाहच थांबलेला असतो. औषध गुठळीच्या तोंडाशी पोचतं आणि तिथेच रेंगाळतं, आत शिरत नाही. ध्वनी इथे ढवळण्याचं काम करतो. त्याच्या दाबानं द्रवात बारीक प्रवाह तयार होतात, तंतूंचं जाळं थोडं सैल होतं, औषधाला आत जायला वाट मिळते. पेल्याच्या तळाशी बसलेली साखर विरघळते ती पाण्यात, पण चमचा फिरवला की लवकर विरघळते. ध्वनीची भूमिका चमच्याची आहे. ‘औषधाविना, सुईविना, फक्त लहरींनी’ अशी आशा लोकांच्या मनात कोणी पेरत असेल, तर ती इथेच खोडून काढायला हवी.

शंका तपासायची तर चाचणी हवी. ‘क्लॉटबस्ट’ नावाची ती चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. १२६ रुग्ण, दोन गटांत ६३-६३. सगळ्यांना अल्टेप्लेज मिळालं. एका गटाला त्याबरोबर दोन तास सलग २ मेगाहर्ट्झचा डॉप्लर. दोन तासांच्या आत धमनी पूर्ण उघडली किंवा रुग्णात एकदम मोठी सुधारणा झाली, असं ध्वनी मिळालेल्या गटात ४९ टक्के रुग्णांत घडलं, दुसऱ्या गटात ३० टक्क्यांत. मेंदूत लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव दोन्ही गटांत सारखाच, तीन-तीन रुग्णांत. छोट्या चाचणीच्या मानानं हा निकाल उत्साह वाढवणाराच होता. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेले मात्र ४२ टक्के विरुद्ध २९ टक्के निघाले. आकडे आशादायक दिसतात, पण इतक्या कमी रुग्णांत हा फरक योगायोगानंही पडू शकतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

इथे एक जुनी चाचणी आठवावी लागते. अल्टेप्लेजला पक्षाघाताच्या उपचारात जागा मिळाली ती १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एनआयएनडीएस चाचणीमुळे. ६२४ रुग्ण, दोन भाग. पहिल्या भागातला मुख्य प्रश्न होता, २४ तासांत ठरावीक प्रमाणात सुधारणा होते का? उत्तर आलं की औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत खात्रीचा फरक नाही. तेवढ्यावर थांबले असते तर हे औषध तिथेच संपलं असतं. पण दुसऱ्या भागात मुख्य प्रश्नच तीन महिन्यांचा होता, आणि औषध मिळालेल्यांत अपंगत्व जवळजवळ न उरण्याची शक्यता ३० टक्के तरी जास्त निघाली. मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचं प्रमाण ०.६ वरून ६.४ टक्क्यांवर गेलं होतं, तरीही.

म्हणजे अल्टेप्लेजच्या बाबतीत पहिल्या दिवशी काही ठळक दिसलं नाही आणि तीन महिन्यांनी फायदा उभा राहिला. ध्वनीच्या बाबतीत पहिल्या दोन तासांत डोळे दिपले आणि तीन महिन्यांनंतरचं चित्र धूसर राहिलं. पलंगाजवळ उभं राहून काय दिसतं, यावर उपचाराची किंमत ठरवायची नाही, हे या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या की कळतं. डॉक्टरांना ते कळत नाही असं नाही. पण हात हलताना पाहिलेला डॉक्टरही माणूसच असतो.

शिवाय धमनी उघडणं आणि माणूस बरा होणं यांत मोठं अंतर असतं. पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. दोन तासांनी उघडलेली धमनी आणि पाच तासांनी उघडलेली धमनी अँजिओग्राफीच्या चित्रात सारखीच दिसते. तिच्या पलीकडच्या मेंदूत मात्र एकीकडे जिवंत ऊती असतात आणि दुसरीकडे राख. गुठळी यंत्रानं ओढून काढण्याच्या पाच मोठ्या चाचण्यांचे आकडे २०१६ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. शंभरातल्या ७१ जणांचा रक्तप्रवाह चांगल्या प्रमाणात परत आला होता. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे होते ४६. मधल्या माणसांची धमनी उघडली, पण त्यांचं आयुष्य पूर्वीसारखं झालं नाही.

ध्वनी आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर याहून धोकादायक आहे. सोनोग्राफी या शब्दाला आपल्या मनात एक ऊबदार जागा आहे. पोटातल्या बाळाचं पहिलं दर्शन त्यानंच घडवलेलं असतं. ‘डोक्याला सोनोग्राफीसारखंच काहीतरी लावणार आहोत’ असं सांगितलं, तर नातेवाईक मान डोलावतील. अशा वेळी त्यांना ‘ट्रम्बी’ चाचणीबद्दल कोणी तरी सांगायला हवं.

२ मेगाहर्ट्झच्या ध्वनीचा बराच भाग कवटीच्या हाडातच शोषला जातो. कमी वारंवारितेचा ध्वनी हाडातून सहज जातो, म्हणून जर्मनीतल्या संशोधकांनी ३०० किलोहर्ट्झचा ध्वनी वापरून पाहिला. कागदावर कल्पना सरस होती. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तोवर चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली होती. फक्त औषध मिळालेल्या १२ रुग्णांपैकी पाच जणांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा होत्या. औषधाबरोबर ध्वनी मिळालेल्या १४ पैकी १३ जणांमध्ये. काहींचा रक्तस्राव तर गुठळीपासून दूर, जिथे काही बिघडलेलंच नव्हतं अशा भागात झाला होता. ऊतींमधून जाताना २ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी एक मिलिमीटरहून कमी असते. ३०० किलोहर्ट्झची सुमारे पाच मिलिमीटर. अशी लांब लहर कवटीच्या आत पलीकडच्या हाडावर आपटून परत फिरते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही ठिकाणी दाब अनपेक्षितपणे वाढतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे एकाच ध्वनीचं एक रूप निरुपद्रवी आणि दुसरं घातक. ‘अल्ट्रासाउंड’ हे एकाच उपचाराचं नाव आहे असं समजून त्याच्या बाजूनं किंवा विरोधात बोलणं त्यामुळे निरर्थक ठरतं. कोणती वारंवारिता, किती ताकद, किती वेळ, कुठून कुठे, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

सूक्ष्म बुडबुड्यांचीही तीच कथा. वायू भरलेले, काही मायक्रोमीटरचे हे गोल शिरेतून सोडले की ध्वनीच्या दाबानं ते फुगतात, आकसतात, फुटतात, आणि गुठळीला धक्के देतात. कार्लोस मोलिना यांच्या बार्सिलोनातल्या गटानं २००६ मध्ये १११ रुग्णांचे निष्कर्ष दिले. दोन तासांत धमनी पूर्ण उघडण्याचं प्रमाण नुसत्या औषधानं २३.९ टक्के, ध्वनी जोडल्यावर ४०.८, बुडबुडेही जोडल्यावर ५४.५. पायऱ्या चढत जाव्यात तसे आकडे. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टक्सन’ चाचणीत वेगळ्या प्रकारच्या बुडबुड्यांचा डोस वाढवला, तेव्हा दुसऱ्या पायरीवरच्या ११ पैकी तिघांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला आणि चाचणी ३५ रुग्णांवर थांबली. पुढे नॉर्वेत १८३ रुग्णांवर बुडबुड्यांसह ध्वनी वापरला गेला. तो सुरक्षित ठरला, पण रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही.

सगळ्यात मोठी चाचणी ‘क्लॉटबस्ट-ईआर’. प्रोब तासन्‌तास अचूक कोनात धरून ठेवणारा कुशल माणूस सगळीकडे मिळत नाही, म्हणून ध्वनी सोडणारे अनेक छोटे ट्रान्सड्यूसर बसवलेली हेल्मेटसारखी एक चौकट रुग्णाच्या डोक्यावर चढवायची. नेम धरायची गरज नाही, कोणीही लावू शकेल. १४ देशांत ६७६ रुग्ण सहभागी झाले. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पद्धत वापरता येण्याजोगी आहे, बहुधा सुरक्षितही आहे, पण ९० दिवसांनी दोन्ही गटांत फरक नाही. चाचणी पुढे चालवूनही उत्तर बदलणार नाही, असं मधल्या तपासणीत दिसल्यामुळे ती आधीच थांबवण्यात आली होती. अमेरिकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी औषधाला जोड म्हणून सोनोथ्रोम्बोलिसिस वापरू नये असं स्पष्ट लिहिलं. ती सूचना योग्य आहे, असं मी मनापासून मानतो. वैयक्तिक अनुभवाच्या जोरावर ‘आमच्याकडे तर गुण येतो’ म्हणणाऱ्यानं या ६७६ माणसांचं ऋण आधी मान्य करावं.

पण या चाचणीनं नेमका कोणता प्रश्न विचारला होता? रुग्णाचा झटका तीव्र असायला हवा, ही अट होती. त्याची मेंदूतली मोठी धमनी खरोखर बंद आहे, हे अँजिओग्राफीनं दाखवायची अट नव्हती. तीव्र झटका म्हणजे बहुतेक वेळा मोठी धमनी बंद असते, हे खरं. बहुतेक वेळा म्हणजे सगळ्या वेळा नाही. नॉर्वेतल्या चाचणीत तर सौम्य झटका आलेलेही पुष्कळ होते. जिथे गुठळीच नाही, किंवा औषध पोचेपर्यंत जी आपणच सुटली आहे, तिथे चमचा फिरवून काय होणार? शिवाय चमचा नेमका पेल्यातच फिरतो आहे, याचीही खात्री नव्हती. कानशिलाचं हाड सगळ्यांचं सारखं पातळ नसतं. दहापैकी एक-दोन माणसांत ध्वनी आत जायला पुरेशी वाट मिळत नाही, आणि वयस्क स्त्रियांत हे जास्त आढळतं. पहिल्या चाचणीत प्रशिक्षित माणूस कानानं ऐकत, स्क्रीनवर पाहत गुठळीच्या तोंडाशी ध्वनी रोखत होता. मोठ्या चाचणीत तो माणूस काढून टाकला होता. कदाचित उपचाराचा गाभाच त्यात निघून गेला असेल. कदाचित म्हणतो, कारण हा माझा तर्क आहे आणि तर्काच्या आधारे रुग्णाच्या डोक्याला काही लावायचं नसतं.

हरलेल्या बाजूनं मैदानाला दोष द्यावा, तसं हे वाटू शकतं. आक्षेप रास्त आहे. वैद्यकाच्या इतिहासात असं पुष्कळ झालं आहे. चाचणी फसली की ‘चुकीचे रुग्ण घेतले होते’, दुसरी फसली की ‘डोस कमी पडला’, आणि आशा लांबवत न्यायची. म्हणून मी जी चाचणी मागतो आहे, तिला अट घालतो. कोणते रुग्ण, कोणती वारंवारिता, किती वेळ, कोणता निकाल म्हणजे यश, हे सगळं आधी लिहून जाहीर करायचं. मोठी धमनी बंद असल्याचा पुरावा असलेले आणि कानशिलातून ध्वनी आत जातो हे तपासलेलेच रुग्ण घ्यायचे. आणि उत्तर नकारार्थी आलं तर ते मान्य करून फाइल बंद करायची.

आता सगळ्यात जड आक्षेप. २०१५ च्या पूर्वार्धात पाच चाचण्या ओळीनं प्रसिद्ध झाल्या आणि पक्षाघाताचा उपचार पालटला. मांडीच्या धमनीतून कॅथेटर मेंदूपर्यंत नेऊन जाळीदार नळीनं गुठळी ओढून काढायची, ती थ्रोम्बेक्टॉमी. नुसत्या औषधानं मोठ्या गुठळीच्या शंभरातले २६-२७ रुग्ण स्वावलंबी होत होते, या पद्धतीनं ४६. २०१८ मध्ये ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ या चाचण्यांनी, निवडक रुग्णांत का होईना, वेळेची मर्यादा अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत नेली. औषधातही टेनेक्टेप्लेज आलं, जे तासभर ठिबकत न ठेवता एका झटक्यात देता येतं. ध्वनीच्या मोठ्या चाचणीतली रुग्णभरती थांबली तीही २०१५ च्या एप्रिलमध्येच. गुठळी सरळ ओढून काढता येत असेल, तर तिला हलवत बसण्यासाठी पैसा आणि वेळ का घालवायचा?

जिथे ओढून काढता येते तिथे घालवू नयेच. धमनी बंद असलेल्या माणसाला कॅथलॅबच्या, म्हणजे जिथे कॅथेटरनं गुठळी काढतात त्या कक्षाच्या, दारात ध्वनीसाठी पाच मिनिटंही थांबवणं हा अपराध होईल. पण जगभरात किती जणांना हे दार गाठता येतं? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत, थ्रोम्बेक्टॉमीची गरज असलेल्यांपैकी ती प्रत्यक्ष मिळणाऱ्यांचं मध्यक प्रमाण २.७९ टक्के निघालं. शंभरात तीनसुद्धा नाहीत. आणि जगात वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास माणसांना पक्षाघात होतो, त्यातले निम्म्याहून जास्त गुठळीमुळे. कॅथलॅब, त्यात अहोरात्र हजर असणारा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका, हे सगळं उभं करायला कैक वर्षं लागतात. ते उभं करायलाच हवं, आणि ध्वनीवरचं संशोधन त्याच्या आड येता कामा नये. एखाद्या सरकारनं ‘आता हेल्मेट आलं आहे, कॅथलॅब कशाला’ म्हणायला सुरुवात केली, तर मी या पद्धतीच्या विरोधात उभा राहीन.

माझ्या मनात आहे ती मधली वेळ. लहान रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही हे कळलं, मोठी धमनी बंद दिसली, औषध दिलं आणि रुग्णाला मोठ्या केंद्राकडे रवाना केलं. डॉक्टर याला ‘ड्रिप अँड शिप’ म्हणतात. त्या प्रवासाला एक तास लागतो, दोन लागतात, कुठे चार. या काळात औषध आपलं काम करत असतं किंवा नसतं, आणि बाकी कोणी काहीच करू शकत नाही. रुग्णवाहिकेत रक्तदाब मोजला जातो, खिडकीबाहेर पाहिलं जातं. नुसत्या औषधानं मोठी गुठळी सुटण्याचं प्रमाण कमी आहे. २०१८ मधल्या ‘एक्स्टेंड-आयए टीएनके’ चाचणीत थ्रोम्बेक्टॉमीआधीच रक्तप्रवाह चांगला परतला तो अल्टेप्लेजनं १० टक्के आणि टेनेक्टेप्लेजनं २२ टक्के रुग्णांत. हा आकडा ध्वनीनं थोडा जरी वर गेला, तरी मोठ्या केंद्रात पोचेपर्यंत काहींचा मेंदू वाचलेला असेल. त्या प्रवासात ध्वनी लावल्यानं दुसरा कुठलाही उपचार लांबत नाही. तो वेळ एरवी वाया जाणाराच असतो. रुग्णवाहिकेत डोक्याचा डॉप्लर करता येतो हेही आता कल्पनेतलं राहिलेलं नाही. जर्मनीत रेगेन्सबर्गच्या परिसरात मेंदूची मधली धमनी बंद आहे का, हे वाटेतच तपासण्याचे प्रयोग झाले आहेत.

ध्वनीत काही दम असेल असं मला अजून का वाटतं, याचं आणखी एक कारण २०२५ मध्ये मिळालं. ‘सोनोबर्डी’ या युरोपातल्या चाचणीत मानेतल्या धमनीची शस्त्रक्रिया होत असलेले १००४ रुग्ण होते. शस्त्रक्रियेत छोट्या गुठळ्या आणि कण सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. निम्म्यांना शस्त्रक्रिया चालू असताना कानशिलातून २ मेगाहर्ट्झचा ध्वनी दिला. तीस दिवसांत पक्षाघात, तात्पुरता झटका किंवा मृत्यू, यांपैकी काही घडलं ते ध्वनी मिळालेल्या गटात २.२ टक्के आणि न मिळालेल्या गटात ७.६ टक्के. हा प्रतिबंधाचा प्रश्न आहे, उपचाराचा नाही. ताज्या, बारीक गुठळीवर जे जमलं ते धमनीत घट्ट बसलेल्या गुठळीवर जमेलच असं नाही. तरी इथे मोजलं ते माणसाला काय झालं हे, आणि म्हणूनच या आकड्यांचं मला मोल वाटतं.

मग अशी चाचणी करायची कोणी? मोठ्या चाचणीचा खर्च उपकरणाच्या कंपनीनं उचलला होता. कंपनीला प्रत्येक रुग्णालयात खपेल असं उपकरण हवं असतं, म्हणून प्रश्न रुंद केला जातो. सगळे तीव्र रुग्ण, कोणताही ऑपरेटर, नेम धरायची गरज नाही. यात दुष्टपणा नाही, बाजाराची ती रीतच आहे. उत्तर ‘नाही’ आलं की कंपनी पुढे जाते, आणि अरुंद पण महत्त्वाचा प्रश्न अनाथ होतो. एनआयएनडीएसची चाचणी अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं घडवून आणली होती, हे इथे आठवावं. निदानाच्या ताकदीचा डॉप्लर नवा नाही, तो अनेक ठिकाणी आधीच कपाटात आहे. म्हणजे तो वापरून पाहण्यात कोणाचा मोठा नफा नाही. आणि नफा नाही म्हणूनच हा खर्च सार्वजनिक निधीतून व्हायला हवा.

सार्वजनिक पैसा आला की सार्वजनिक जबाबदारीही येते, आणि पक्षाघातात ती नाजूक असते. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो बोलू शकत नाही. अनेकदा त्याला शब्दच कळत नाहीत, कारण भाषेचाच भाग रक्ताविना तडफडत असतो. सही करायची ती मुलानं, बायकोनं, भावानं, आणि तीही अशा दहा मिनिटांत की ज्यांत त्यांना आपला पत्ताही धड आठवणार नाही. ज्यांनी घरात हे पाहिलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या क्षणी मिळालेल्या संमतीला संमती म्हणायला मन धजत नाही. म्हणून चाचणी सुरू होण्याआधी, शांतपणी, पक्षाघातातून उठलेल्या माणसांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना आराखड्यावर बोलू द्यावं. किती धोका परवडतो, बरं होणं म्हणजे काय, हे त्यांनी सांगावं. सहीच्या कागदावर ‘सोनोग्राफीसारखं’ हा शब्द नसावा. १४ पैकी १३ रुग्णांमध्ये काय दिसलं होतं, आणि आपण वापरतो ती वारंवारिता त्याहून वेगळी का आहे, हे दोन सरळ वाक्यांत असावं. आणि एखाद्या नातेवाइकानं नाही म्हटलं, तर औषध, रुग्णवाहिका, पुढचं केंद्र यांत तसूभरही फरक पडणार नाही, हे वाचून दाखवावं.

पक्षाघाताच्या चाचण्यांत शेवटचं मोजमाप बहुधा नव्वदाव्या दिवशी होतं, पुष्कळदा फोनवरून. पलीकडच्या माणसाला रुग्ण कोणत्या गटात होता हे माहीत नसतं. शून्य ते सहा अशी मोजपट्टी असते. शून्य म्हणजे काहीही त्रास उरला नाही, सहा म्हणजे मृत्यू. मधल्या आकड्यांसाठी साधे प्रश्न विचारले जातात. एकट्या चालता का? आंघोळ कोण घालतं? घरात काही तास एकटं ठेवता येतं का? पूर्वी करत होता ते काम पुन्हा सुरू केलंत का? डॉप्लरवर आवाज परत आला होता का, हे त्यांत कोणी विचारत नाही.